चर्च आधी घरच होतं: सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रार्थनास्थळांची पार्श्वभूमी

तारीख १९ मे ३०३. आज अल्जेरियात जे कॉन्स्टंटाइन शहर आहे त्याचं तेव्हाचं नाव किर्ता. रोमन सम्राट डायोक्लेशियनचा हुकूम सुटला होता की ख्रिस्ती लोकांचे ग्रंथ जप्त करा आणि त्यांच्या जमायच्या जागा पाडा. त्याप्रमाणे शहराचा अधिकारी मुनातियस फेलिक्स माणसं घेऊन 'ख्रिस्ती लोक ज्या घरात जमतात' त्या घरी पोचला. बिशप पौलुस तिथेच होता. कारकून एकेक वस्तू लिहून घेत होता, आणि ही नोंद पुढे ३२० साली एका खटल्यात पुरावा म्हणून वाचली गेली, म्हणूनच ती आपल्यापर्यंत आली.

यादीत सोन्याचे २ प्याले आहेत, चांदीचे ६ प्याले, चांदीच्या ६ झाऱ्या, चांदीचे ७ दिवे, साखळ्यांसकट ब्राँझचे ११ दिवे. इथपर्यंत ठीक आहे, असं काहीतरी असणारच असं आपल्याला वाटतं. पण मग पुढे बायकांचे अंगरखे ८२, बायकांच्या डोक्यावरून घ्यायच्या ओढण्या ३८, पुरुषांचे अंगरखे १६, पुरुषांच्या पायताणांचे १३ जोड आणि बायकांच्या पायताणांचे ४७ जोड! हे बहुधा गरिबांना वाटायला जमवलेले कपडे. मग ग्रंथांच्या खोलीत गेले तर कपाटं रिकामी, कारण पुस्तकं वाचकांनी, म्हणजे उपासनेत ग्रंथ वाचून दाखवायचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांनी, आपापल्या घरी नेऊन ठेवलेली. मग जेवणाच्या खोलीत गेले, तिथे ४ रांजण आणि ६ पिंपं मिळाली. नंतर वाचकांच्या घरोघरी जाऊन पुस्तकं गोळा केली, त्यातला एक शाळामास्तर होता, आणि एक वाचक घरी नव्हता तर त्याच्या बायकोने ६ पुस्तकं काढून दिली.

सुरुवातीचं चर्च कसं दिसत होतं असं कुणी विचारलं तर मी आधी ही यादी सांगते. कारण चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मनोरा, घंटा, रंगीत काचा, लांबलचक बाकं येतात आणि आपण गृहीत धरतो की येशूनंतर लगेच लोकांनी त्याचीच छोटी आवृत्ती बांधली असेल. तसं झालंच नाही. पहिली जवळपास २०० वर्षं तर 'चर्च' म्हणून ओळखता येईल अशी एकही इमारत सापडलेली नाही, आणि त्यानंतर जे सापडतं ते म्हणजे घर. जेवणाची खोली असलेलं, रांजण असलेलं, कपड्यांचे ढीग असलेलं घर.

खरं तर शब्दातच सगळं आहे. बायबलच्या नव्या करारात, म्हणजे येशूनंतर लिहिलेल्या भागात, जो ग्रीक शब्द येतो तो 'एक्लेसिया', आणि त्याचा अर्थ इमारत नाहीच, त्याचा अर्थ बोलावून जमलेले लोक. त्याच शब्दावरून पोर्तुगीज 'इग्रेजा' झाला आणि त्यावरून गोव्याच्या कोकणीत 'इगर्ज', पण तोपर्यंत शब्दाचा अर्थ सरकून वास्तूवर येऊन बसला होता. आपल्या मराठी बायबलने मात्र या शब्दासाठी 'मंडळी' निवडला आणि मला वाटतं याहून नेमका शब्द मिळाला नसता. 'त्यांच्या घरी जमणारी मंडळी' हे वाक्य मराठीत इतकं सहज वाटतं की त्यात काही इतिहास दडलाय हे लक्षातही येत नाही. येशूचा संदेश गावोगाव नेणारा प्रेषित पौल, त्याच्या नव्या करारातल्या पत्रांत हे पुन्हा पुन्हा येतं. प्रिस्का आणि अक्विल्ला हे नवराबायको तंबू शिवायचा धंदा करायचे, त्यांच्या घरची मंडळी. फिलेमोनाच्या घरची मंडळी. नुंफा नावाच्या बाईच्या घरची मंडळी. फिलिप्पै शहरात जांभळं कापड विकणारी लुदिया, तिने तर बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, झाल्या झाल्या पौलाला आग्रह करून घरी उतरवून घेतलं. बायकांची नावं किती येतात बघा, कारण घर म्हटलं की घराचा कारभार आलाच.

आता ही घरं म्हणजे सगळी श्रीमंतांचे वाडे नव्हते. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्रोवस गावची एक गोष्ट आहे, लोक माडीवर जमलेत, खूप दिवे लावलेत, पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत चाललंय आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा पोरगा पेंगून पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. (तो वाचतो, काळजी नको.) मला ही गोष्ट फार जवळची वाटते कारण घरातल्या प्रार्थनेला जागा पुरत नाही म्हणून कुणीतरी खिडकीत, कुणीतरी जिन्यावर बसतंच, आमच्याकडेही चटया टाकून व्हायच्या त्या प्रार्थनांना हेच चालायचं. तिसरा मजला म्हणजे ती बहुतेक भाड्याच्या खोल्यांची इमारत असावी, चाळीसारखी. आणि रोममध्ये साधारण १६५ साली जस्टिन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाला पकडलं तेव्हा न्यायाधीशाने विचारलं की तुम्ही जमता कुठे, तर त्याने सांगितलं की मी एका स्नानगृहाच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि ज्याला यायचं असेल तो माझ्याकडे येतो. थोडक्यात, बिऱ्हाडाची जागा.

जमून करायचे काय, तर मुख्य गोष्ट जेवण. म्हणून जागेचा प्रश्न हा आधी पंगतीचा प्रश्न होता. ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला पौल रागावतो तो यावरूनच, की तुमच्यातला एक पोटभर खाऊन पिऊन बसतो आणि दुसरा उपाशी राहतो, हे कसलं प्रभुभोजन. (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात ते प्रभुभोजन.) पुढे दुसऱ्या शतकात हे थोडं बदलायला लागलं. साधारण ११२ साली प्लिनी नावाचा गव्हर्नर सम्राट ट्राजनला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे उजाडण्याआधी जमून ख्रिस्ताचं स्तोत्र गातात, मग पांगतात आणि पुन्हा जेवायला एकत्र येतात. म्हणजे प्रार्थना वेगळी, जेवण वेगळं. मग वर ज्याचा उल्लेख केला तो जस्टिन दुसऱ्या शतकाच्या मध्यावर लिहितो त्यात तर रविवारचा क्रम पुरा दिसतो: आधी प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचायचे, मग प्रमुखाने बोलायचं, सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना, मग भाकर आणि पाणी घातलेला द्राक्षारस, आणि गरिबांसाठी वर्गणी. पंगतीची जागा आता तुकडा भाकर आणि घोटभर द्राक्षारसाने घेतली, त्यामुळे पाट मांडायची गरज संपली आणि उभं राहायला, ऐकायला मोठी खोली लागायला लागली. इमारतीचा इतिहास इथून वळतो असं माझं मत आहे.

एक गैरसमज इथेच दूर करते कारण तो फार पक्का बसलाय. रोमच्या भुयारांमध्ये, म्हणजे कॅटाकोंबमध्ये, ख्रिस्ती लोक लपूनछपून उपासना करायचे असं सिनेमात दाखवतात. ती दफनभूमी होती. मऊ ज्वालामुखी दगडात खोदलेल्या अरुंद बोळांच्या रांगा, दोन्ही बाजूंना भिंतीत खण करून ठेवलेले मृतदेह, तिथे शंभर माणसं जमून उपासना करणं शक्यच नव्हतं आणि अधिकाऱ्यांना या जागा चांगल्या माहीत होत्या, त्यामुळे लपायलाही काही उपयोग नव्हता. तिथे लोक जायचे ते मेलेल्यांच्या आठवणीचं जेवण करायला, आपल्याकडे वर्षश्राद्धाला जेवण असतं त्यासारखं, आणि ही चाल रोमन लोकांत ख्रिस्ती होण्याआधीपासूनच होती. रोमच्या आप्पिया रस्त्यावर आज जिथे सान सेबास्तियानो चर्च आहे तिथे तिसऱ्या शतकातला असाच एक जेवणाचा मांडव सापडला, त्याच्या भिंतीवर येशूचा शिष्य पेत्र आणि पौल यांना हाक मारणाऱ्या ओळीच्या ओळी लोकांनी खरवडून ठेवल्यात. भुयारातली चित्रं अप्रतिम आहेत, पण ती कबरींवरची चित्रं आहेत.

मग खरीखुरी, हात लावून बघता येईल अशी सगळ्यात जुनी जागा कुठली? तर सिरियात युफ्रेटिस नदीच्या काठावरचं दुरा-युरोपोस. हे गाव रोमन साम्राज्याच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, सैन्याची छावणी असलेलं. १९२० साली तिथे ब्रिटिश सैनिक खंदक खणत होते आणि त्यांना रंगवलेल्या भिंती लागल्या. पुढे १९२८ पासून येल विद्यापीठ आणि फ्रेंच अकादमीने मिळून दहा वर्षं उत्खनन केलं आणि १९३१-३२ च्या हंगामात पश्चिमेच्या तटाला लागून असलेल्या गल्लीत हे घर सापडलं.

घर म्हणजे आपल्या छोट्या वाड्यासारखं, मधे चौक आणि चारी बाजूंनी खोल्या, गल्लीच्या दारातून आत शिरलं की वळून मग चौकात यायचं, रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही. गिलाव्यात कोरलेल्या एका तारखेवरून घर २३२-२३३ च्या सुमाराचं असं धरतात. काही वर्षांनी ते ख्रिस्ती मंडळीकडे आलं आणि त्यांनी मोजकेच बदल केले. दोन खोल्यांमधली भिंत पाडली आणि साधारण १३ मीटर लांब, ५ मीटर रुंद असा एक दिवाणखाना केला, पूर्वेच्या टोकाला बोलणाऱ्यासाठी एक बुटका ओटा बांधला. ७० एक माणसं मावतील एवढी जागा. या खोलीत ख्रिस्ती चित्रं नाहीत, उलट आधीच्या मालकाने बसवलेली प्लास्टरची पट्टी तशीच राहिली जिच्यावर मद्याच्या देवाची, बाकसची चिन्हं होती! ती कुणी काढली नाही. म्हणजे त्या लोकांना खोली पवित्र वगैरे करायची घाई नव्हती, त्यांना बसायला जागा हवी होती.

पण चौकाच्या दुसऱ्या बाजूची खोली वेगळी. तीच खरी सजवलेली. साधारण ७ मीटर बाय ३ मीटर, एका टोकाला बाप्तिस्म्याचा हौद, एक मीटरभर खोल, त्यावर खांबांच्या आधाराने मेघडंबरीसारखी कमान आणि कमानीच्या आत निळ्या रंगावर चांदण्या. हौदामागच्या भिंतीवर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ, त्याच्या पायापाशी छोटेसे आदाम आणि हव्वा. बाजूच्या भिंतींवर पेत्र पाण्यावर चालताना बुडायला लागलाय आणि येशू त्याला हात देतोय, पक्षघाती माणूस बरा होऊन खाट पाठीवर घेऊन निघालाय, दावीद आणि गल्याथ, विहिरीवर वाकलेली एक बाई. ही बाई येशूला विहिरीवर भेटलेली शोमरोनी स्त्री असं आधी सगळे म्हणायचे, आता काही अभ्यासक म्हणतात की ती येशूची आई मरिया आहे. आणि खालच्या पट्टीत हातात दिवट्या घेतलेल्या बायका एका मोठ्या पांढऱ्या पेटीकडे चालल्यात. बहुतेकांच्या मते त्या येशूच्या कबरीकडे जाणाऱ्या स्त्रिया. बाप्तिस्मा घेणारा माणूस रात्री दिव्याच्या उजेडात त्या खोलीत शिरत असेल तर भिंतीवरच्या बायकाही त्याच्याबरोबर हौदाकडे चालत असल्यासारख्या वाटत असतील. येशूची आज शिल्लक असलेली अगदी सुरुवातीची चित्रं म्हणजे ही. त्यात तो दाढीवाला, लांब केसांचा नाही, साध्या अंगरख्यातला बिनदाढीचा तरुण आहे.

आता शेजार बघा. त्याच तटाच्या कडेने थोडं पुढे गेलं की ज्यूंचं सिनॅगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, तेही घरं जोडून वाढवलेलं पण ख्रिस्ती घरापेक्षा खूप मोठं आणि चारी भिंती चित्रांनी भरलेलं. आणखी पुढे सैनिकांचं मिथ्र देवाचं स्थान, तेही मुळात घरच. म्हणजे घराचं देवस्थान करणं ही काही ख्रिस्ती लोकांची खास युक्ती नव्हती, बाहेरून आलेल्या सगळ्याच छोट्या पंथांची तीच रीत होती. आणि सैन्याच्या छावणीच्या गावात भिंत पाडायची, हौद बांधायचा, रंगारी बोलवायचा, हे काही चोरून होत नाही. गल्लीला माहीत असणारच.

हे सगळं टिकलं ते युद्धामुळे. २५६ च्या सुमारास इराणच्या ससानी राजा शापूरच्या सैन्याने गावाला वेढा दिला. तट मजबूत करायला रोमन सैनिकांनी तटालगतची पूर्ण गल्ली मातीने भरून टाकली, घरं, सिनॅगॉग, सगळं त्या भरावात गेलं. गाव तरीही पडलं आणि पुन्हा वसलंच नाही. वापरात असलेली खोली मातीत बंद झाली ती १७०० वर्षांनी उघडली. चित्रं भिंतीवरून उतरवून अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात नेली, सिनॅगॉगची चित्रं दमास्कसला आहेत. नेली म्हणून वाचली असं म्हणायला जड जातं, पण सिरियातल्या युद्धात हे गाव लुटारूंनी खड्डे पाडून पाडून चाळणी केलं, त्यामुळे म्हणावं लागतं.

दुराच्या जोडीने आता मगिद्दोचं नाव घेतात. इस्रायलमध्ये मगिद्दोच्या तुरुंगाच्या आवारात २००५ साली नवीन बांधकामाआधी खोदकाम चाललेलं, खोदायला कैदीच होते, आणि तिथे मोझॅइकची, म्हणजे रंगीत दगडांचे बारीक तुकडे जोडून केलेली फरशी लागली. तारीख साधारण २३० धरतात, काहींना ती जरा नंतरची वाटते. इथेही रोमन सैन्य शेजारीच, कारण एका लेखात म्हटलंय की गायानुस नावाच्या सेनाधिकाऱ्याने स्वतःच्या पैशाने ही फरशी करवून घेतली. मधे मासे काढलेत. दुसऱ्या एका लेखात चार बायकांची नावं आठवणीसाठी कोरलीत. आणि तिसरा लेख सांगतो की देवावर प्रेम करणाऱ्या अकेप्तूस नावाच्या बाईने देव येशू ख्रिस्ताला आठवण म्हणून मेज अर्पण केलं. मेज! वेदी म्हटलेलं नाही. एका बाईने टेबल दिलं आणि ते टेबल ठेवायचा दगडी आधार मोझॅइकच्या मधोमध आहे.

गालील सरोवराकाठच्या कफर्णहूम गावातलं पेत्राचं घर थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल मतं फार आहेत. तिथल्या साध्या काळ्या दगडांच्या घरांपैकी एका खोलीला पुन्हा पुन्हा गिलावा केलेला, भिंतीवर यात्रेकरूंनी खरवडलेलं, आणि चौथ्या शतकाच्या शेवटी इगेरिया नावाची यात्रेकरू बाई लिहून ठेवते की प्रेषितांच्या प्रमुखाचं घर आता चर्च झालंय आणि भिंती होत्या तशाच आहेत. पाचव्या शतकात त्यावर अष्टकोनी चर्च बांधलं. ती खोली पहिल्या शतकापासून मंडळीच्या वापरात होती असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं, सगळ्यांना ते पटलेलं नाही.

तिसऱ्या शतकात मंडळी वाढली आणि घरं पुरेनाशी झाली. एडेसा या शहराच्या (आज तुर्कस्तानात) इतिवृत्तात तर २०१ सालच्या पुराची नोंद करताना ख्रिस्ती लोकांच्या चर्चच्या वास्तूचंही नुकसान झाल्याचं लिहिलंय, म्हणजे गावात सगळ्यांना माहीत असलेली वास्तू. २६० च्या सुमारास सम्राट गॅलिएनसने जप्त केलेल्या जागा बिशपांना परत दिल्या. आणि अंत्युखिया शहरात तर गंमतच झाली, पदावरून काढलेला बिशप पौल सामोसाटाकर चर्चची वास्तू सोडेना, तेव्हा ख्रिस्ती लोक चक्क ख्रिस्ती नसलेल्या सम्राट ऑरेलियनकडे गेले, आणि त्याने निकाल दिला की इटलीचे आणि रोमचे बिशप ज्याला मानतात त्याला जागा द्या. ज्या धर्माला कायद्याने धड मान्यता नाही त्याच्या मालमत्तेचा निवाडा सम्राट करतोय! त्या काळचा ख्रिस्ती इतिहासकार युसेबियस लिहितो की डायोक्लेशियनच्या छळाच्या आधीच्या वर्षांत जुन्या वास्तू पुरत नव्हत्या म्हणून शहराशहरात पायापासून नवी प्रशस्त चर्चं उभी राहिली. डायोक्लेशियन राहायचा त्या निकोमेडिया शहरातलं चर्च तर उंचावर, डायोक्लेशियनच्या राजवाड्यातून दिसेल असं होतं. २३ फेब्रुवारी ३०३ ला सैनिकांनी ते काही तासांत जमीनदोस्त केलं. जाळलं नाही कारण आजूबाजूला मोठमोठी घरं होती, आग पसरेल अशी डायोक्लेशियनला भीती होती. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत किर्ताच्या त्या घराच्या दारात फेलिक्स उभा राहिला.

आणि मग दहाच वर्षांत सगळं उलटलं. ३१२ मध्ये कॉन्स्टंटाइन रोम जिंकतो, ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळते, आणि रोममधल्या लॅटरानला, हरलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या घोडदळाच्या बराकी पाडून, तो जवळपास १०० मीटर लांबीचं चर्च बांधायला घेतो. नमुना म्हणून देवळाचा आराखडा घेतला नाही आणि त्याला कारण आहे. रोमन देऊळ म्हणजे मुख्यतः गाभारा, आत मूर्ती, लोक बाहेर, यज्ञाची वेदीही बाहेर. मंडळीला गाभारा नको होता, तिला सभामंडपच हवा होता. तसा मंडप रोमन शहरात आधीच होता, बॅसिलिका, जिथे कोर्ट भरायचं, व्यापार चालायचा. तोच उचलला. लॅटरानला कॉन्स्टंटाइनने काय काय दिलं त्याचीही यादी आहे, पोपांच्या चरित्रांच्या जुन्या ग्रंथात, आणि त्यात चांदीच्या ७ वेद्या आहेत, प्रत्येकी २०० पौंडांच्या. पायताणांचे जोड नाहीत.

घरं लगेच बंद पडली नाहीत, लोक घरी जमतच राहिले, पण चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात आशिया मायनरमधल्या लावदिकिया इथे बिशपांची सभा भरली आणि तिने नियम केले. २८ वा नियम म्हणतो की चर्चमध्ये प्रीतिभोजन, म्हणजे मंडळीचं एकत्र जेवण, करायचं नाही, देवाच्या घरात जेवायचं नाही, बैठका अंथरायच्या नाहीत. ५८ वा नियम म्हणतो की बिशपांनी किंवा पाळकांनी कुणाच्याही घरात प्रभुभोजनाचा विधी करायचा नाही.